पाडव्याचा केर

महापालिकेच्या कोठीवर हजेरी लावून, ढकलगाडी घेऊन सरुबाई गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा नुकतं फटफटत होतं. पाडव्याची सकाळ. आदल्या संध्याकाळी सगळ्या सदाशिव पेठेनं लक्ष्मीची पूजा केली होती, आणि मग आलेली लक्ष्मी घाबरून परत जावी इतके फटाके उडवले होते. गल्लीभर घोट्यापर्यंत लाल कागद पडला होता. दारादारातल्या रांगोळ्या त्याखाली गडप झाल्या होत्या. धुराचा वास अजून भिंतींना धरून होता.

सरुबाईचा या गल्लीतला हा तिसावा पाडवा. आणि शेवटचा. परवा, महिनाअखेरीला, ती निवृत्त होणार होती.

तिच्या कमरेच्या पिशवीत चौपदरी घडी घातलेला एक अर्ज होता. सफाईच्या कामावरून निवृत्त होणाऱ्याच्या जागी घरातल्या एका माणसाला नोकरी मिळते. त्या माणसाचं नाव लिहायची ओळ अजून कोरी होती. काल पूजा आटोपल्यावर थोरल्या लेकानं, रंगनाथानं, त्या ओळीवर बोट ठेवलं होतं. "आई, वैष्णवीचं नाव टाक."

वैष्णवी म्हणजे रंगनाथाची एकुलती लेक. घराण्यातली पहिली इंजिनियर. हिंजवडीच्या एका मोठ्या कंपनीचं पत्र तिला कॉलेजातच मिळालं होतं, पण रुजू व्हायची तारीख एकदा पुढं गेली, मग दुसऱ्यांदा गेली. अमेरिकेत बँका बुडाल्या म्हणून पुण्यातल्या पोरीची नोकरी अडते, हे सरुबाईच्या डोक्यात काही केल्या शिरत नव्हतं. तिनं रंगनाथाला उत्तर दिलं नव्हतं. नुसती पणत्यांच्या वाती सारख्या करत बसली होती.

"आत्या, थांबा. एकट्या किती उपसणार?"

मागून शालू आली. पदर खोचलेला, हातात कोठीवरून मागून आणलेला खराटा. शालू ही धाकट्या बजरंगाची बायको. बजरंग काविळीनं जाऊन चार वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. माहेरच्यांनी दोनदा न्यायला येऊनही ती सासूला सोडून गेली नव्हती. हिंजवडीच्या एका कंपनीत ठेकेदारामार्फत झाडलोटीचं काम करायची.

"तुला कुणी बोलावलं? आज सुट्टी हाय तर घरी पड की जरा."

"डाळ शिजवून आलेय. दादा-वहिनी दुपारी यायचेत. तोवर घरी बसून काय भिंती बघू?"

"लांब उभी राहून झाड मग. न वाजलेला एखादा असतो त्यात."

दोघी कामाला लागल्या. सरुबाई उजव्या अंगानं, शालू डाव्या, आणि मधोमध ढीग. थोड्या वेळानं सरुबाईचं लक्ष सुनेच्या हाताकडे गेलं. शालू खराटा उचलून आपटत नव्हती. जमिनीला धरून, तोकडे तोकडे हात मारत होती. धूळ उडत नव्हती. असा हात सरुबाईनं फक्त एका बाईचा पाहिला होता. तिच्या सासूचा, सुंदराबाईचा.

सुंदराबाई दुष्काळात उस्मानाबादेकडून पुण्याला आली आणि या गल्लीत लागली. मुलगा गेनबा खडकीच्या कारखान्यात चिकटला होता, म्हणून तिनं निवृत्त होताना आपली जागा सुनेला, म्हणजे सरुबाईला, दिली. तेव्हापासून पाडव्याला सगळं घर गल्लीत उतरायचं. गेनबा पहाटे खडकीहून सायकल काढायचा. पुढं दांडीवर बजरंग, मागं कॅरियरवर रंगनाथ. रंगनाथ पोती ओढायचा. बजरंग न वाजलेल्या लवंग्या शोधून खिशात भरायचा आणि दर वर्षी त्याबद्दल एक धपाटा खायचा. सुंदराबाई वाड्याच्या पायरीवर बसून मिश्री लावत हुकूम सोडायची, "गेन्या, कोपरा राहिला. सरे, त्या गटाराच्या जाळीत बघ." आठ वाजेपर्यंत गल्ली आरशासारखी व्हायची. मग त्याच पायरीवर सहा जणांचा… नाही, पाच जणांचा फराळ व्हायचा. सहावी शालू नंतर आली. सरुबाईच्या आठवणीत मात्र ती हल्ली आपोआप त्या पायरीवर येऊन बसायची.

फराळ सुरुवातीला वरून पडायचा, हेही सरुबाई विसरली नव्हती. वाड्यातल्या गोदाबाई तेव्हा नव्या सूनबाई होत्या. हात लांब करून पदरात चकल्या टाकायच्या, ओंजळीत वरून पाणी ओतायच्या. मग एका पाडव्याला त्या पायऱ्या उतरून खाली आल्या, ताट सरुबाईच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "बसा. निवांत खा." वर खिडकीत त्यांच्या सासूबाई उभ्या होत्या. त्यांच्याकडे गोदाबाईंनी मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. पुढं वाडा पडला, तिथं पाच मजली इमारत उभी राहिली, गोदाबाईंची मुलं परदेशी गेली. पाडव्याचं ताट मात्र चुकलं नाही.

गल्लीत काय बदललं ते सरुबाईला केरातून आधी कळायचं. पूर्वी केरात केळीची पानं, द्रोण आणि गोवऱ्यांचा चुरा असायचा. मग दुधाच्या पिशव्या आल्या. मग रंगीत टीव्हीचे खोके, त्यातला पांढरा थर्मोकोल. तो वाऱ्यानं गल्लीभर पळायचा आणि ती त्याच्यामागं. मग कॉम्प्युटर क्लासच्या जाहिराती, भिंतीवरून सोलून पडलेल्या. खोल्या घेऊन राहणारी विदर्भ-मराठवाड्याकडची पोरं आली तशी पिझ्झ्याची खोकी आली. आणि म्हाताऱ्यांच्या घरातून औषधांच्या रिकाम्या पट्ट्या वाढत गेल्या. ज्या घरातल्या पट्ट्या वाढल्या, त्या घरातला मुलगा अमेरिकेला गेला असं ती समजायची, आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं.

"सरुबाई, परवापासून आपण मोकळ्या म्हणे?"

वरच्या गॅलरीत बद्रीनाथकाका मफलर गुंडाळून उभे होते. छापखान्यातून निवृत्त झाल्यापासून गल्लीतल्या चुका काढणं हा त्यांचा उद्योग होता.

"व्हय काका."

"उत्तम. म्हणजे लोकांना कळेल की गल्ली आपली आपण स्वच्छ होत नव्हती." त्यांनी शालूकडे पाहिलं. "आणि या कोण? नवीन नेमणूक का?"

"सून हाय माझी."

"हात बरा आहे," काका म्हणाले आणि आत गेले. त्यांच्या तोंडून 'बरा' निघणं म्हणजे गल्लीच्या हिशोबानं सत्कारच होता.

शालूनं खराटा भिंतीला टेकवला.

"आत्या, ऐकलंत न्हवं? आता माझं पण ऐका. त्या अर्जात माझं नाव टाका."

सरुबाईचा हात थांबला. "काय म्हणालीस?"

"तुमची जागा मला द्या."

"शुद्धीवर हाय का तू? सासूबाईंनी मरताना माझा हात धरून सांगितलं होतं, 'सरे, हा खराटा तुझ्यापाशी संपव. पोरांच्या हातात देऊ नगंस.' मी शब्द दिलाय. म्हणून रंगाला गाडी शिकवली, बजरंगाला वर्कशॉपात घातलं. आता या वयात शब्द मोडू? आणि तू तर काचेच्या हापिसात हायेस. गार हवेत."

"गार हवेत!" शालू हसली, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "आत्या, त्या हापिसात सहा हजार माणसं हायेत. चार वर्षांत एकानं माझं नाव विचारलं न्हाई. पाठीवर ठेकेदाराचं नाव, तेच माझं नाव. खुर्च्या पुसायच्या, बसायचं न्हाई. डबा खायला तळघरात, गाड्यांच्या धुरात. ठेकेदार बदलला की आम्ही पुन्हा पहिल्या दिवसापासून नवीन. इथं ते काका खडूस असतील, पण 'सरुबाई' म्हणून हाक मारत्यात."

शालूचा आवाज खाली आला.

"अजून एक हाय. सणाचं सांगणार नव्हते. दसऱ्यानंतर आमच्या तिसऱ्या मजल्यावरची चाळीस माणसं एका दिवसात उठवली. त्यांची टेबलं आम्हीच रिकामी केली. कुणाचा कप, कुणाच्या लेकराचा फोटो, एकाची तर अर्धी खाल्लेली बाकरवडी. सगळं खोक्यात भरलं. वैष्णवीला पत्र आलंय ते त्याच कंपनीचं."

"मग बोलली का न्हाईस रंगापाशी?"

"बोलले असते तर दादा म्हणाले असते, शालू स्वतःच्या जागेसाठी पोरीचं वाईट चिंतती. खोटं सांगतेय का?"

ते खोटं नव्हतं. सरुबाईनं लाल कागदाचा ढीग गाडीत भरायला घेतला. गोदाबाईंनी लिफ्टनं ताट खाली पाठवलं, दोन माणसांचं. दोघींनी ते इमारतीच्या पायरीवर बसून खाल्लं, पण चकलीची चव सरुबाईच्या जिभेला लागली नाही.

*

विश्रांतवाडीच्या दोन खोल्यांत दुपारी घर भरलं. रंगनाथ, त्याची बायको नम्रता आणि वैष्णवी आले. नम्रतानं पाट मांडून नवऱ्याला ओवाळलं. पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते. त्या वेळी शालूला दर वर्षी स्वयंपाकघरात नेमकं काहीतरी काम निघायचं. आजही तिनं उगाच कढी ढवळली. सरुबाईनं ते पाहिलं.

जेवणं झाली तसा रंगनाथानं विषय काढला.

"आई, उद्या भाऊबीज. परवा शेवटचा दिवस. अर्ज भरून टाकू. वैष्णवीचे कागद आणलेत मी."

"शालू जागा मागती," सरुबाईनं सरळ सांगून टाकलं.

रंगनाथानं पाण्याचा पेला खाली ठेवला. दारात उभ्या शालूकडे न बघता म्हणाला, "राग येऊ दे कुणाला, पण मी स्पष्ट बोलतो. घरातली पर्मनंट नोकरी घरात राहायला पाहिजे. शालूचं वय बत्तीस. उद्या तिनं दुसरं लग्न केलं तर जागा गेली दुसऱ्याच्या घरी. मग आपण काय, टाळ्या वाजवायच्या?"

"दादा," शालू म्हणाली, "आत्या पण सूनच होत्या. त्यांना जागा मिळाली तेव्हा कुणी लग्नाचं विचारलं होतं का?"

"तेव्हा माझा बाप जिवंत होता."

बोलून गेल्यावर रंगनाथालाही ते लागलं असावं, त्यानं मान खाली घातली. शालू हलली नाही.

वैष्णवी मध्ये पडली. "पप्पा, प्लीज. आजी, तू माझं नाव टाक, इट्स ओके. परमनंट आहे, सेफ आहे. जॉइनिंग आलं की बघू. मी करीन."

"काय करशील?" सरुबाईनं विचारलं.

"तेच… जे तू करतेस."

"म्हणजे काय? नाव घे की कामाचं."

वैष्णवीनं तोंड उघडलं आणि मिटलं. डोळे भरून आले. "मला भीती वाटतेय गं आजी. माझ्या बॅचचे सगळे घरी बसलेत. रोज मेल चेक करते. पप्पांनी माझ्यासाठी किती केलं, आणि मी नुसती…"

नम्रता इतका वेळ फराळाचे डबे पुसत बसली होती. घरातल्या भांडणात ती नेहमी नवऱ्याच्या बाजूनं असायची, निदान गप्प राहून. आज तिनं फडकं बाजूला ठेवलं.

"अहो, एक विचारू?"

"आता तू काय?"

"शालू लग्न करून गेली तर जागा घराबाहेर जाते, म्हणता. मग आपली वैष्णवी काय जन्मभर आपल्या घरी राहणारे? दोन वर्षांत तिचं लग्न करायचं म्हणून तुम्हीच स्थळं बघताय. तेव्हा जागा कुणाच्या घरी जाईल?"

नम्रता पुढं म्हणाली, "शालू इथं चार वर्षं आईंचे पाय चेपत राहिली. आपण सणाला येतो आणि जेवून जातो. मला तर बोलायची लाज वाटते."

"तुम्हा बायकांना काय कळतंय!" रंगनाथ उसळून उठला. दारापर्यंत गेला आणि तिथंच चौकटीला धरून थांबला. पाठमोराच बोलला. "कंपनीनं भाड्यानं लावलेल्या निम्म्या गाड्या बंद केल्या. दसऱ्यापासून माझी गाडी उभी हाय. सकाळी युनिफॉर्म घालून निघतो आणि येरवड्याच्या पुलाखाली बसून येतो."

नम्रताच्या हातातलं झाकण खाली पडून गोल फिरत राहिलं. तिलाही ठाऊक नव्हतं.

सरुबाई उठली. गुडघे धरून, भिंतीचा आधार घेत लेकापाशी गेली. रंगनाथ आठवीत असताना शाळेतल्या पोरांनी चिडवलं म्हणून त्यानं पाडव्याला गल्लीत यायचं सोडलं होतं. ती तेव्हा एक शब्द बोलली नव्हती. आतून बरंच वाटलं होतं तिला. पोराला लाज वाटते म्हणजे पोर यातून बाहेर पडणार.

"रंगा, इकडं बघ. तुझी अडचण खरी हाय. थोरला हायेस, पहिला हक्क तुझा. तुझं नाव टाकते. घेतोस खराटा?"

त्यानं चौकटीवरची पकड सोडली. मग हळू म्हणाला, "मला न्हाई जमायचं, आई."

"का?"

"न्हाई जमायचं."

"मग लेकीला जमंल, असं का वाटलं तुला?"

रंगनाथ दारातच खाली बसला. चाळिशी उलटलेला, मिशा राखलेला माणूस. गुडघ्यात तोंड घालून बसला. नम्रता त्याच्याजवळ जाऊन नुसती बसून राहिली. वैष्णवीनं आपले कागद गुपचूप बॅगेत परत घातले.

सरुबाईला सुंदराबाई आठवली. तो हात, तो शब्द. म्हातारी म्हणाली होती, पोरांच्या हातात देऊ नकोस. का म्हणाली होती? काम वाईट म्हणून नव्हे. आयुष्यभर तिनं ते मान ताठ ठेवून केलं होतं. दुसरं काही करायची मुभाच नव्हती, ते तिला सलत होतं. तिच्या हातात खराटा आला तेव्हा कुणी तिला विचारलं नव्हतं. सरुबाईलाही नव्हतं. शालू मात्र स्वतः मागत होती. मागून घेणाऱ्याला नाही म्हणायचा शब्द आपण सासूला दिला होता का? सरुबाईनं पुष्कळ आठवून पाहिलं. दिला नव्हता.

"वैष्णवी, पेन आण," ती म्हणाली. "माझं अक्षर डुगडुगतं. तू लिही. नाव शालू, नवऱ्याचं नाव बजरंग."

पोरीनं डोळे पुसले आणि ठळक, सुबक अक्षरात ती ओळ भरली.

*

एकतीस तारखेला महापालिकेच्या कार्यालयात कारकुनानं अर्ज चाळला आणि चष्म्यावरून पाहिलं.

"मुलगा हयात असताना सून? मुलाची ना-हरकत लागेल. सही आणलीय?"

"मी आलोय," मागून रंगनाथ म्हणाला. तो येईल असं सरुबाईला आज सकाळपर्यंत वाटलं नव्हतं. भाऊबीजेच्या दिवशी तो फिरकला नव्हता, निरोपही धाडला नव्हता. सकाळी मात्र आपली गाडी धुऊन दारात उभी केली आणि एवढंच म्हणाला होता, "बसा."

कारकुनानं कागद पुढं सरकवला. "वाचून सही करा. विधवा सून आहे. उद्या दुसऱ्या घरी गेली तर भांडत इथं यायचं नाही, आधीच सांगतो."

हे वाक्य सरुबाईनं दोन दिवसांपूर्वी घरातच ऐकलं होतं. शालूनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

रंगनाथानं कागद शांतपणे वाचला. खिशातून स्वतःचं पेन काढलं.

"गेली तर जाईल, साहेब," तो म्हणाला. "जागा तिची हाय." आणि सही करून मोकळा झाला.

बाहेर आल्यावर शालू वाकली, आधी सासूच्या आणि मग दिराच्या पायाशी. रंगनाथ ओशाळून मागं सरकला. "परवाचं मनात ठेवू नकोस," असं काहीतरी पुटपुटला आणि गाडीचं दार उघडायच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

सरुबाई गाडीत मागच्या सीटवर शालूशेजारी बसली. आता उद्या पहाटे उठायचं नाही, हे तिला कळत होतं आणि कळतही नव्हतं. नेमणुकीचा हुकूम निघून शालूच्या हाती यायला दोन-चार महिने जातील. तोवर गल्लीत बदलीचा कुणीतरी येईल, वरवर हात मारून जाईल.

"शालू, नीट ऐक," ती म्हणाली. "वारा वरच्या टोकाच्या देवळाकडून येतो, म्हणून तिथनं सुरू करायचं, न्हाई तर सगळं उलट तोंडावर येतं. क्लासच्या कोपऱ्यावर सोमवारी जास्त पडतं. बद्रीनाथकाका तिखट बोलत्यात, पण त्यांची बायको गेल्यापास्नं एकटे हायेत. सकाळी गॅलरीत दिसले न्हाईत तर वर जाऊन बेल वाजवायची. गोदाबाईंना ऐकू कमी येतं, त्यांना खालनं हाक मारू नगंस. आणि चौथ्या दाराशी ती गटाराची जाळी हाय न्हवं…"

"व्हय आत्या," शालू म्हणत होती. "व्हय."

गाडी संगमपूल ओलांडून खडकीकडे वळली. मग होळकर पूल आला, विश्रांतवाडीचा रस्ता लागला. रंगनाथानं घरापुढं गाडी उभी करून इंजिन बंद केलं आणि आरशातून मागं पाहिलं. कुणी उतरेना. सरुबाई अजून निम्म्या गल्लीतच होती.